शंभर मीटरचा तागा, अठ्ठावीस मीटरची विक्री

वीजबिलाचा विषय निघाला की शिरूरच्या पेठेत काय आणि दौंडच्या बाजारात काय, चर्चा एकाच ठिकाणी येऊन थांबते. ते ठिकाण म्हणजे गळती. आकडे टाकणारे, मीटरमध्ये फेरफार करणारे, बिल थकवणारे लोक आहेत आणि त्यांच्यापायी प्रामाणिक ग्राहकाला भुर्दंड बसतो, असे जो तो म्हणतो. मग भिवंडी-मालेगावचे नाव हटकून निघते. ते कोणत्या सुरात निघते हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. आमचा माल भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीहून येतो. त्यामुळे हे बोलणे आम्हाला गल्ल्यावर बसून वरचेवर ऐकावे लागते.

चोरी ती चोरी. तिची वकिली आम्ही करणार नाही. भिवंडीचे वीजवितरण २६ जानेवारी २००७ पासून टोरंट पॉवर या खाजगी कंपनीकडे गेले. त्याआधी तेथील गळती चाळीस टक्क्यांच्या वर होती आणि नंतर ती पुष्कळ खाली आली, हे खरे आहे. परंतु तारेतली गळती हा या हिशेबाचा शेवटचा आणि लहान भाग आहे. मोठी गळती तार सुरू होण्यापूर्वीच होऊन गेलेली असते. तिच्यासाठी कुणाच्या घरावर छापा पडत नाही आणि कोणत्याही मोहल्ल्याचे नाव खराब होत नाही.

हा हिशेब आपल्या भाषेत मांडून पाहू. कोळशात जी उष्णता असते ती शंभर मीटरचा तागा समजा. चंद्रपूर, कोराडी, भुसावळ येथील औष्णिक केंद्रांत कोळसा बॉयलरमध्ये जाळतात. धूर, राख आणि कोळशातील ओल यांच्या वाटेने बारा-तेरा मीटर तिथेच जातात. उरलेल्या सत्त्याऐंशी मीटरची वाफ होते आणि ती टर्बाईन फिरवते. टर्बाईनमधून बाहेर पडलेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करावे लागते. हे काम करणारे भले मोठे मनोरे आपण रेल्वेतून जाताना पाहतो. कमरेत बारीक आणि वर रुंद असे ते मनोरे पांढरे ढग सोडत असतात. त्या ढगांतून पन्नास मीटर कापड आकाशात जाते. राहिले छत्तीस-सदतीस. त्यातले तीनेक मीटर केंद्राच्या स्वतःच्या पंप-पंख्यांना आणि कोळसा दळण्याला लागतात. तेहेतीसच्या आसपास मीटर तारेत शिरतात. उच्च दाबाच्या वाहिन्यांत एखादा मीटर जातो आणि गावोगावच्या तारा, रोहित्रे व चोरी मिळून आणखी पाच. दुकानाच्या मीटरपर्यंत येतात सत्तावीस, फार तर अठ्ठावीस मीटर.

भिवंडीची ती जुनी चाळीस टक्के गळती धरली, तरी शंभरातले तेरा मीटर होतात. मनोऱ्यातून पन्नास जातात. यावर कुणी म्हणेल की चोरीला गेलेले युनिट हा तयार माल आहे आणि मनोऱ्यातून जाणारी उष्णता ही चिंधी आहे, दोन्हींचा भाव एक कसा? हरकत बरोबर आहे आणि भाव एक नाहीच. पण चिंधीलाही भाव असतो, हे कापडवाल्याला कुणी शिकवायला नको. तागा कापताना उरलेला तुकडा कटपीसमध्ये जातो, त्याहून लहान तुकडा टोप्या-पिशव्या शिवणारा नेतो आणि शिंप्याच्या पायाखालची चिंधी गोधडीवाली किलोवर घेऊन जाते. सगळे उकिरड्यावर टाकणारा व्यापारी एक सालसुद्धा पेठेत टिकणार नाही.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तिथल्या सायन्सच्या किताबात ऊर्जेला ‘तवानाई’ आणि उष्णतेला ‘हरारत’ म्हणत. तवानाई नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते, हा धडा आम्ही घोकला होता. हरारतीची सगळीच्या सगळी तवानाई चाकाला का देता येत नाही, ते मात्र आम्हाला पुष्कळ उशिरा समजले. १८२४ साली सादी कार्नो नावाच्या तरुण फ्रेंच इंजिनिअराने त्याचे कारण मांडले. उष्णता गरमाकडून थंडाकडे वाहते, तेव्हाच तिच्याकडून काम करून घेता येते. पाणी उंचावरून खाली पडताना पाणचक्की फिरवते, तसेच हे आहे. वाफ ५४० अंशांची आणि थंड टोक ४० अंशांचे असेल, तर यंत्र कितीही निर्दोष असले तरी शंभरातले एकसष्टच्या वर काम निघणार नाही. प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी निघते. कोराडीत २०१५ नंतर ६६० मेगावॉटचे नवे संच आले. ते जास्त दाबाच्या वाफेवर चालतात म्हणून चाळीसच्या जवळ जातात, जुने संच त्याच्या मागे राहतात. तेव्हा ही सगळी गळती अधिकाऱ्यांच्या बेफिकिरीमुळे होते, असा आरोप आम्ही करणार नाही. बराच भाग निसर्गाच्या कायद्याचा आहे.

आमचे म्हणणे वेगळे आहे. फेकावीच लागणारी ही उष्णता गरज असलेल्या माणसाच्या दारात फेकली, तर ती फेकली असे होत नाही.

आपल्या घरातल्या बायकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. चुलीला वैल असतो. मुख्य तोंडावर भाकरी भाजली जाते आणि तोच जाळ पुढे वैलाखाली जाऊन कालवण गरम ठेवतो. त्यासाठी वेगळे सरपण लागत नाही. आपल्या बेकरीवाल्यांनाही ते ठाऊक आहे. लाकडाच्या भट्टीत पहाटे पाव निघाले की भट्टी लगेच गार होत नाही. त्या उतरत्या धगीत पावाच्या चकत्या पसरून टोस्ट वाळवतात. पावाला कडक आच लागते, टोस्टला मंद. एकाच लाकडातून दोन माल निघतात. अवघड भाषेत ज्याला सहवीजनिर्मिती म्हणतात, तिचे मर्म यापेक्षा फार निराळे नाही.

आता आपल्या दोन तालुक्यांकडे येऊ. न्हावरे येथील घोडगंगा, पाटसचा भीमा हे सहकारी कारखाने, आलेगावचा दौंड शुगर आणि राहूजवळच्या पाटेठाणचा श्रीनाथ म्हस्कोबा हे खाजगी कारखाने, असा हा साखरेचा मुलूख आहे. साखर कारखान्याला वीज लागते, पण त्याहून जास्त लागते वाफ, कारण उसाचा रस आटवायचा असतो. एक टन ऊस गाळला की सुमारे २८० किलो बगॅस, म्हणजे भुसा, निघतो आणि तोच बॉयलरमध्ये जळतो. जुन्या काळी कारखाने कमी दाबाचे बॉयलर ठेवत. बगॅस इतका निघे की तो संपवायचा कसा हीच काळजी असे. तो काटकसरीने जाळण्याचे कुणाला कारणच नव्हते.

नव्या पद्धतीत त्याच बगॅसवर ६७, ८७ किंवा त्याहून जास्त किलो दाबाची वाफ करतात. ती आधी टर्बाईनमधून जाते आणि वीज करते. बाहेर पडते तेव्हा तिच्यात अजून सव्वाशे अंशांच्या आसपास ऊब असते. औष्णिक केंद्रात तिला मनोऱ्याची वाट दाखवली असती. कारखान्यात तीच वाफ रसाच्या कढयांखाली जाते आणि साखर करते. एक वाफ, दोन पगार. हंगामात असा कारखाना बगॅसमधल्या शंभरापैकी साठ-सत्तर मीटर कामी लावतो, आणि औष्णिक केंद्राला तेहेतीस-पस्तीसवर समाधान मानावे लागते. न्हावऱ्याची किंवा आलेगावची चिमणी चंद्रपूरच्या चिमणीसमोर बोटाएवढी दिसेल, पण हिशेबात तीच शहाणी आहे.

हे काम फक्त साखरेतच होते असेही नाही. उरणला महानिर्मितीचे वायू विद्युत केंद्र आहे. तिथे गॅस जाळून टर्बाईन फिरते आणि तिच्या मागून फार गरम धूर निघतो. त्या धुरावर वाफ करून आणखी वीज काढणारे १२० मेगावॉटचे दोन संच १९९४ साली बसवले. केंद्राच्या एकूण ६७२ मेगावॉटपैकी २४० मेगावॉट असे फुकटच्या धुरातले आहेत. गॅस पुरेसा मिळत नाही म्हणून ते केंद्र पूर्ण ताकदीने चालत नाही, हे दुर्दैव वेगळे. डेन्मार्कने १९७३ च्या तेलटंचाईचा धडा घेऊन १९७९ मध्ये कायदा केला आणि वीजकेंद्रातले गरम पाणी नळाने शहरांतल्या घरांत खेळवले. तिथे थंडी कडक, त्यामुळे गिऱ्हाईक दारात उभे होते. आपल्याकडे घर गरम कुणाला करायचे आहे? इथे मे महिन्यात भीमेच्या काठीही जीव कासावीस होतो.

पण आपल्याकडे वाफेला गिऱ्हाईक नाही, हे खोटे आहे. सायझिंगवाल्याला वाफ लागते, रंगाई-धुलाईला लागते, दूध भुकटीला लागते, कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांना लागते. वाफेपासून गारवाही करता येतो. त्याची यंत्रे आपल्या पुण्याची थरमॅक्स कंपनी कितीतरी वर्षांपासून बनवते आहे. ज्या दौंड-शिरूर पट्ट्यात दुधाचा एवढा धंदा आहे, तिथे या यंत्राची गोष्ट सांगावी लागू नये. अडचण गिऱ्हाइकाची नसून जागेची आहे. वाफ नळातून काही किलोमीटरपलीकडे नेली की वाटेतच मरते. वीजकेंद्र एकीकडे, वाफ वापरणारा दुसरीकडे, आणि प्रत्येकाचा वेगळा बॉयलर, अशी आपली मांडणी आहे. सुरतजवळ सचिन आणि अंकलेश्वरच्या वसाहतींत एके ठिकाणी वाफ करून अनेक कारखान्यांना नळाने विकण्याचा रीतसर धंदा उभा राहिला आहे. सुरतला खरेदीला जाणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांपैकी किती जणांनी तो पाहिला असेल, अल्ला जाणे. साडीचे नवे डिझाईन मात्र दुसऱ्या दिवशी इकडे पोचते.

आमची सूचना अशी की, साखर कारखान्यांच्या शेजारी वाफ वापरणाऱ्या लहान उद्योगांना जागा द्यावी. कारखाना हंगामात चार-पाच महिने चालतो. हंगाम संपल्यावर काही ठिकाणी साठवलेला बगॅस जाळून नुसती वीज करतात. तेव्हा कढया बंद असतात आणि वाफ औष्णिक केंद्रासारखीच वाया जाते. अशा दिवसांत शेजारचा सायझिंगवाला किंवा दूधवाला ती वाफ पैसे देऊन घेईल. वाफ वाटेतच काढून घेतली तर वीज थोडी कमी तयार होते, हे आम्हाला कळते. पण काढून घेतलेल्या वाफेची पुरी किंमत मिळते आणि मनोऱ्यात गेलेल्या वाफेचा छदामही मिळत नाही.

यात एक धोका आहे आणि तो लपवून चालणार नाही. रंगाईचे पाणी घाण असते. कुरकुंभच्या सांडपाण्याबद्दल आसपासच्या गावांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या आहेत. वाफेच्या लोभाने रंगाईचे कारखाने आणायचे आणि त्यांचे पाणी घोडनदीत किंवा भीमेत सोडायचे, असला सौदा आम्हाला मान्य नाही. सुरुवात सायझिंग आणि शीतगृह यांसारख्या धंद्यांपासून करावी. रंगाई नंतर, आणि पाणी शुद्ध करण्याची सोय आधी उभी राहिली तरच.

पाण्याचाच विषय निघाला म्हणून सांगतो. मनोऱ्यातून नुसती उष्णता जात नाही, पाणीही जाते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या औष्णिक केंद्रांना मर्यादा घातली, ती एका युनिटमागे साडेतीन लिटरची. परळीचे केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले आणि २०१५ मध्ये पुन्हा तीच पाळी आली. कोळसा होता, यंत्रे होती, कामगार होते, पण उष्णता फेकण्यापुरते पाणी नव्हते.

मग हे होत का नाही? एक कारण असे की, वीज मंडळाचे जून २००५ मध्ये विभाजन झाले. महानिर्मिती आपला हिशेब देते, महापारेषण आपला, महावितरण आपला. प्रत्येकाची गळती वेगळ्या कागदावर असते आणि तिन्ही कागद एकत्र जोडून ग्राहकापुढे कुणी ठेवत नाही. एका युनिटला किती उष्णता खर्ची पडावी याची मर्यादा नियामक आयोग ठरवून देतो आणि तेवढा कोळसा दरात धरला जातो. म्हणजे मनोऱ्यातून गेलेल्या पन्नास मीटरांचे पैसे आपल्या बिलात रीतसर आलेले असतात.

दुसरे कारण दराचे. सहवीजेला एके काळी युनिटमागे सहा रुपयांच्या पुढे भाव मिळत होता. पुढे निविदा निघू लागल्या आणि तो पाचच्या खाली आला. ज्या कारखान्यांनी चढ्या भावाच्या भरवशावर कर्ज काढून बॉयलर उभे केले, त्यांचे गणित बिघडले. सौरवीज स्वस्त झाली आहे, तेव्हा बगॅसची वीज महाग का घ्यावी, असे वीज घेणारे म्हणतात. दुपारपुरते ते ठीक आहे. संध्याकाळी दिवे लागण्याच्या वेळी सूर्य नसतो आणि कोळशाचेच केंद्र धावून येते. त्या वेळच्या सहवीजेला वेगळा, चढा भाव द्यावा असे आमचे मत आहे. व्यापारात सणाच्या आदल्या दिवसाचा भाव आणि आषाढातला भाव एक नसतो.

या सगळ्यात कापडवाल्याला काय पडले आहे, असे कुणी विचारील. शिरूर-दौंडच्या पेठेत लग्नाचा बस्ता उसाच्या बिलावर निघतो. पाटसचा भीमा कारखाना काही वर्षे बंद राहिला आणि २०२२ मध्ये भाडेतत्त्वावर दुसऱ्यांच्या हाती जाऊन सुरू झाला. घोडगंगेचे गाळपही अलीकडचे काही हंगाम बंद राहिले. कारखाना बंद पडला की फक्त साखर थांबत नाही. त्याची वीजही थांबते, कामगाराचा पगार थांबतो आणि उधारीची वही जाड होत जाते. हे कारखाने का अडचणीत आले याच्या कारणांत राजकारण आहे, कर्ज आहे, कारभार आहे, आणि त्या वादात आम्ही पडत नाही. पण साखरेवर एकट्या पोट भरत नाही ही गोष्ट सगळेच मान्य करतात. तेव्हा वीज आणि वाफ हे दोन माल नीट विकले गेले, तर उसाला चार पैसे जास्त देण्याची ताकद येईल.

आता आपल्या हाताशी असलेल्या गोष्टी. गरम करण्याच्या कामाला होईल तितकी वीज वापरू नये. ज्या वाफेने आणि पाण्याने शंभरातले अठ्ठावीस मीटर आपल्यापर्यंत पोचवले, त्या विजेवर पुन्हा पाणी तापवणे म्हणजे कापड उसवून सूत काढणे आणि त्याच सुताचे पुन्हा कापड विणणे. छपरावरचा सौर बंब, लॉंड्रीत गॅसची इस्त्री, हे बरे. ज्यांचे सायझिंग आहे त्यांनी सिलिंडरमधून निघणारे गरम पाणी गटारात सोडू नये. बॉयलरमध्ये जाणारे पाणी सहा अंशांनी जास्त गरम असले की इंधन साधारण एक टक्का वाचते, हा जुना आणि खात्रीचा हिशेब आहे. सगळे पाणी परत फिरवता आले तर आठ-दहा टक्के इंधन वाचेल, आणि त्याला लागतो एक नळ, एक टाकी आणि एक लहान पंप. केडगाव-दौंड भागातल्या गुऱ्हाळवाल्यांसाठीही हेच आहे. चुलवाणातून धुराड्याकडे जाणाऱ्या धुराच्या वाटेवर दुसरी काहील बसवली, तर रस आधीच कोमट होऊन येईल आणि चिपाड वाचेल. चिपाड पुरत नाही म्हणून प्लास्टिक आणि रबर जाळण्याच्या ज्या तक्रारी येतात, त्यांचे कारणही मग राहणार नाही.

यंत्रमागवाल्यांनी दोन-तीनदा वाइंडिंग केलेली मोटर एकदा तपासून घ्यावी. मागावर वाचलेले एक युनिट म्हणजे खाणीतल्या कोळशात वाचलेली साडेतीन युनिटांएवढी उष्णता. वाफेवर चालणाऱ्या रेल्वेचा जमाना दौंडच्या लोको शेडमध्ये ज्यांनी पाहिला, त्यांना हे लवकर पटेल. त्या इंजिनांच्या कोळशातले शंभरापैकी सहा-आठ मीटरच चाकापर्यंत जात. पुणे-दौंड मार्गाचे विद्युतीकरण २०१७ मध्ये पूर्ण झाले. तारेवर चालणारी गाडी मनोऱ्यातली सगळी गळती सोसूनही त्या जुन्या इंजिनाच्या तिप्पट काम करते. म्हणजे सुधारणा होतच नाही असे नाही.

कारखान्याचे जे सभासद आहेत, आणि आपल्या वाचकांत ऊस लावणारेही कमी नाहीत, त्यांनी वार्षिक सभेआधी लेखी प्रश्न द्यावा. एक टन ऊस गाळायला किती किलो वाफ लागते, त्या टनामागे किती युनिट वीज बाहेर विकली जाते, आणि हंगाम नसताना वाफ कुठे जाते? अहवालात पहिले दोन आकडे असतातच. तिसरा बहुधा मागून घ्यावा लागेल.